उलट-सुलट

दिवसा इथे पाचवीतली मुलं बसतात,
म्हणून बाक बुटके. गुडघे आत जात नाहीत.
मी तिरकी बसते, उरेब कापलेल्या कापडासारखी,
आणि फळ्याकडे बघते.
नारायण पेठ, रात्रीचे आठ.
खाली कुणीतरी स्कूटर लावण्यावरून
शांतपणे, शुद्ध मराठीत भांडतंय.

तांबोळी सर लिहितात:
पक्ष. साध्य. रचना. सिद्धता.
त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील
तर त्यांच्यासमोरचे कोनही एकरूप.

असतातच. न असून जातात कुठे?
बावीस वर्षं मी घागऱ्याच्या कळ्या बेततेय
रविवार पेठेत, जिन्याखाली,
जिथे पटकन उभं राहिलं की डोक्याला पायरी लागते.
कळीच्या दोन तिरप्या सारख्या कापल्या
की खालचे कोपरे आपसूक जुळतात.
नाही जुळले तर घेर एकीकडे लोंबतो
आणि गिऱ्हाईक परत येतं, पावती घेऊन.
मला वाटायचं, हीच सिद्धता.

सर म्हणाले, ही सवय झाली, डोईफोडे.
हजार कळ्या कापल्या असतील तुम्ही.
हजार-एकावी कशावरून?

दोन रात्री नीट झोप नाही.
मशीन मारताना पाय चालू, टाका चालू,
आणि डोक्यात तेवढंच:
हजार-एकावी कशावरून.

तिसऱ्या दिवशी रचना.
शिरोबिंदूतून कोनाचा दुभाजक काढा.
एक रेघ, जी पक्षात नव्हती, साध्यातही नाही.
मग एकाचे दोन त्रिकोण, मग बाकोबा.
(आधी मला वाटलेलं, देवच असणार कुणीतरी,
म्हसोबा, बिरोबा, तसा बाकोबा,
शेंदूर फासलेला, गावाच्या शिवेवर.
मग कळलं: बाजू, कोन, बाजू.)

रेघ मला खुपली.
धडधाकट कापडावर मधोमध खूण कशाला?
खडूची असली तरी पहिल्या धुण्यापर्यंत राहते.

हात वर केला. बेचाळिसाव्या वर्षी
हात वर करताना काखेतली शिवण उसवल्यासारखं वाटतं.
म्हटलं, सर, रेघ नको.
कळी उचला. उलटी करा.
परत तिच्याच जागेवर ठेवा.
डावी तिरपी उजवीवर, उजवी डावीवर,
त्या सारख्या, हे तर तुम्हीच दिलंय.
वरचा कोन तोच, फक्त पालथा.
झाला की बाकोबा.
दुसरा त्रिकोण आणायचाच कशाला,
ह्याचीच सुलट बाजू आणि ह्याचीच उलट.

सर खडू धरून उभे राहिले.
मागच्या बाकावर गिरणीवाल्या शिंगट्यांची जांभई
अर्ध्यावर थांबली.
मग फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, सरांनी लिहिलं:
त्रिकोण अबक, त्रिकोण अकब.
नुसती दोन अक्षरं इकडची तिकडे.
बराच वेळ बघत होते.
म्हणाले, बरोबर आहे.
आणि जरा थांबून, फळा पुसता पुसता,
परीक्षेत मात्र रेघ काढा.
तपासणाऱ्याला घाई असते. तीन गुण आहेत.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचं माप घेतलं.
बँकेत नोकरी, तीस वर्षं पर्स उजव्या खांद्याला.
उजवा खांदा पाऊण इंच उतरता.
ह्यांना उलटं करून ह्यांच्याच जागी
काही केल्या बसवता येणार नाही.
दोन्ही खांदे वेगळे मोजले, वेगळे लिहिले.
त्यांना काही बोलले नाही.

त्या गेल्यावर, त्याच वहीत,
अस्तर आणि हुकांच्या हिशेबाखाली
एक कळी काढली. आत रेघ नाही.
बाजूला लिहिलं: हजार-एकावी.
मग पेन्सिल थुंकीनं ओली करून
खाली अजून एक शब्द.
हीपण.